आधी भोपळा, मग माणूस : काशी आणि वैद्यशिक्षणाचा इतिहास

काशीत मणिकर्णिकेपासून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघाले की आधी शिंदे घाट लागतो, मग संकठा घाट आणि थोड्या अंतरावर भोसले घाट. मराठी राजघराण्यांची नावे धारण करणाऱ्या दोन घाटांमधला हा घाट संकठादेवीच्या मंदिरामुळे ओळखला जातो. मणिकर्णिकेच्या चिता येथून दूर नाहीत. भारतीय शल्यतंत्राचा आद्य ग्रंथ मानली जाणारी सुश्रुतसंहिता परंपरेने याच नगरीशी जोडलेली आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरीकडे सुश्रुत आणि त्याचे सहाध्यायी विद्या मागण्यासाठी गेले, अशी तिची सुरुवात आहे. आज या ग्रंथाचे नाव बहुधा नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी घेतले जाते. वैद्य कोणी व्हावे, त्याला कसे घडवावे आणि रुग्णाला हात लावण्याची मुभा केव्हा द्यावी, याविषयी त्यात जे आहे, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

प्रवेशाचे नियम सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आहेत. शिष्याच्या अंगी धैर्य, शुचिता, विनय, बुद्धी आणि स्मरणशक्ती असावी. तो ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य कुळातला असावा. काहींच्या मते कुलगुणसंपन्न शूद्रालाही मंत्र वगळून शिकवावे. म्हणजे दार उघडे होते, पण सर्वांसाठी नव्हे. दीक्षेच्या वेळी शिष्याबरोबर गुरूही शपथ घेतो. शिष्य नीट वागत असताना आपण त्याच्याशी अन्यथा वागलो, तर पाप आपल्याला लागो आणि आपली विद्या निष्फळ होवो, असे तो म्हणतो.

नवव्या अध्यायात हात तयार करण्याचा अभ्यासक्रम आहे. शस्त्रकर्मे आठ, आणि प्रत्येकासाठी सरावाची वस्तू वेगळी. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करायचा. भेदनासाठी पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातडी पिशवी, खरवडण्यासाठी केसाळ कातडे, वेधासाठी मृत जनावराची शीर किंवा कमळाचा देठ, टाके घालण्यासाठी जाड कापडाची कड आणि मऊ चामडे. पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील कौशल्य प्रयोगशाळांत सिलिकॉनच्या त्वचेवर टाके घालणारा विद्यार्थी हेच करीत असतो.

शरीररचना मात्र भोपळ्यावर शिकता येत नाही. त्यासाठी शारीरस्थानात शवाच्या अभ्यासाची पद्धत दिली आहे. सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने वा दीर्घ आजाराने न मेलेले प्रेत मुंज, कुश किंवा तागात गुंडाळावे, पिंजऱ्यात ठेवून निर्जन जागी संथ पाण्यात बुडवावे आणि सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत, त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. इतके झाल्यावरही दहावा अध्याय एक अट घालतो. शास्त्र वाचलेल्या, त्याचा अर्थ जाणणाऱ्या, कर्म पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या शिष्यानेच, राजाची अनुज्ञा घेऊन, व्यवसायात पाऊल टाकावे. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ हात चालवणारा, दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे, असे हा ग्रंथ मानतो.

पुढे नेमका एक पंख गळाला. ग्रंथ पाठ होत राहिला, पण शव उघडून पाहण्याची आणि शस्त्र चालवण्याची परंपरा पंडितांच्या हातून निसटली. तुटलेला धागा पुन्हा जुळला तो कोलकात्यात. १८३६ साली तेथील नव्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी शवच्छेदन केले, आणि त्याच सुमारास सुश्रुतसंहितेची छापील आवृत्तीही त्यांनीच संपादित केली. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. स्त्रियांची वाट अधिक लांबची ठरली. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

काशीत हे दोन पंख जोडण्याचा मोठा प्रयत्न अस्सीच्या दक्षिणेला, बनारस हिंदू विद्यापीठात झाला. तेथील आयुर्वेद महाविद्यालयात आधुनिक शरीरशास्त्र आणि शल्यचिकित्साही शिकवली जाई. त्याचे एक पदवीधर के. एन. उडुपा पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शल्यचिकित्सा शिकले. १९५८ साली केंद्र सरकारने आयुर्वेदाच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९६० साली आयुर्वेद महाविद्यालयाच्या जागी आधुनिक वैद्यकीय महाविद्यालय आले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्यही तेच.

याच विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राला प्रयोगाच्या कसोटीवर उभे केले. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे २१ लेप दिलेला हा धागा भगंदरात ओवतात. तो मार्ग हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. १९७३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने २०० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. १९९१ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुकेंद्रीय यादृच्छिक चाचणीत क्षारसूत्रानंतर भगंदर उलटण्याचे प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. जखम भरण्यास मात्र चारऐवजी आठ आठवडे लागले. दोन्ही आकडे सांगणे, हीच या कामाची प्रामाणिकता.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रकर्मांचे प्रशिक्षण देण्याविषयीची अधिसूचना निघाली आणि ११ डिसेंबरला डॉक्टरांनी देशव्यापी संप केला. एका बाजूने परंपरेचा अभिमान मांडला गेला, दुसऱ्या बाजूने रुग्णाच्या सुरक्षेची चिंता. सुश्रुतसंहितेची स्वतःची कसोटी या वादात फारशी ऐकू आली नाही. ती पदवीचे नाव विचारत नाही. या हाताने किती वेळा सराव केला, किती शस्त्रकर्मे जवळून पाहिली, किती गुरूच्या देखरेखीखाली केली आणि अनुज्ञा कोणी तपासून दिली, एवढेच ती विचारते. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला तरी याहून वेगळे काय विचारायचे असते?