धावणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहिलेली माणसे

वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा संपादिकाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही रोज सकाळी तलावावर जाता, तेव्हा धावण्यावर चार शब्द लिहून द्या." मी म्हटले, "अहो, पण मी धावते कुठे? माझ्या गुडघ्यांनी केव्हाच रजा घेतली. मी आपली पाण्याचे भांडे आणि वही घेऊन उभी राहते." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग उभे राहण्यावरच लिहा." त्यांनी हे थट्टेने म्हटले असेल, पण मला तो विषय पटला. धावणाऱ्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यांच्यासाठी उभे राहणाऱ्यांचा मात्र कोणी फारसा लिहीत नाही. तो थोडासा या पानांतून सांगावा, असा विचार आहे.

आपल्या महाराष्ट्रापासूनच आरंभ करू. पुण्यास १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. त्याचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींत खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. ना पायांत बूट, ना शिकविणारा कोणी. तरी त्यांचा वेग पाहून दोराबजींच्या मनात आले की, या मुलांना ऑलिंपिकला का पाठवू नये? त्यांनी खटपट केली, पदरचा पैसा घातला आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे हिंदुस्थानचे खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन, म्हणजे सव्वीस मैलांहून अधिक लांबीची शर्यत धावले आणि एकोणिसावे आले. ज्या देशात अशा शर्यतीची रीतसर तयारी करवून घेणारा शिक्षक नव्हता, तेथील माणसाने हे करावे, ही लहान गोष्ट नव्हे. चौगुल्यांचे पाय बळकट होतेच. पण कोणीतरी ते पाय पाहिले, म्हणून ते अँटवर्पपर्यंत पोहोचले.

अशीच एक हकीगत कुस्तीतली आहे. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीस जाऊन कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले होते. पदकाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, त्या घराची सांगावयास विसरतो. त्याच हेलसिंकीला मुंबईच्या मेरी डिसूझा आणि बंगालच्या नीलिमा घोष धावण्यासाठी गेल्या. ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. सरकारजवळ पैसा नव्हता, म्हणून मेरीबाईंच्या स्नेही मंडळींनी खर्चाची जुळवाजुळव केली.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे स्त्रियांकडे वळू. बाईने लांबवर धावू नये, तिच्या प्रकृतीस ते झेपणार नाही, हे आपल्याच सासूबाई म्हणत होत्या असे समजू नका. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यत संपल्यावर काही जणी थकून बसल्या, तेवढ्यावरून वर्तमानपत्रांनी काहूर माजविले आणि ही शर्यत स्त्रियांसाठी थेट १९६० पर्यंत बंद झाली. बत्तीस वर्षे! पुरुष थकून बसले असते तर ती शर्यत कोणी बंद केली नसती.

अमेरिकेत बोस्टन शहरी मॅरेथॉनची मोठी जुनी शर्यत भरते. १९६६ साली बॉबी गिब नावाच्या तरुणीस प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा ती भावाची चड्डी आणि टोपीचा अंगरखा घालून सुरुवातीच्या जागेजवळ झुडपांत लपून राहिली आणि पुरुष धावू लागताच त्यांच्यात मिसळली. शेजारून धावणाऱ्या पुरुषांनी ही बाई आहे हे ओळखले. पण त्यांनी हाकलले नाही, उलट धीर दिला. मला या हकीगतीत सर्वांत आवडते ती तिची आई. वडिलांचा विरोध असता, तिला मोटारीने शर्यतीच्या ठिकाणी नेऊन सोडले ते आईने. मुलीसाठी असे काही केलेल्या कितीतरी माता आपल्या मंडळातही आहेत.

पुढल्याच वर्षी, १९६७ मध्ये, कॅथरीन स्वित्झर हिने केवळ आद्याक्षरे लिहून प्रवेश मिळविला. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडण्याचा प्रयत्न केला, तो प्रसंग छायाचित्रांमुळे जगभर गाजला. परंतु तिला शिकविले कोणी, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तिच्या विद्यापीठात पत्रे वाटणारा आर्नी ब्रिग्ज नावाचा पन्नाशीचा गृहस्थ होता. आपल्या धुळे शहराची आखणी करणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जशी याचा आडनावापलीकडे संबंध नाही! हा ब्रिग्ज बोस्टनची शर्यत पंधरा वेळा धावला होता आणि फावल्या वेळात, विनामूल्य, मुलांना सराव देत असे. गंमत अशी की, बाईला मॅरेथॉन जमणार नाही असे त्याचेही मत होते. "सरावात धावून दाखव, मग मीच तुला बोस्टनला नेतो," असे तो म्हणाला. तिने एकतीस मैल धावून दाखविले. शेवटी घेरी आली ती ब्रिग्जलाच! पण गडी शब्दाचा पक्का. त्याने तिला नेले आणि शर्यतीत तिच्या बरोबरीने धावला. चांगला शिक्षक कोणता, असे मला कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन. आपले मत चुकले हे ज्याला शिष्येपुढे मान्य करता येते, तो खरा शिक्षक. पुढे १९७२ पासून बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला आणि १९८४ साली लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली.

हे झाले शर्यतींचे. पण आपल्यासारख्या साध्या माणसांनी, पदकाची आशा न धरता, मिळून धावावे ही कल्पना कुठली? ती न्यूझीलंडची. ऑकलंड शहरी आर्थर लिडियार्ड नावाचा गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करी, दूधही घालीत असे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी दोन सुवर्णपदके मिळविली. एवढा मोठा गुरू. पण त्याने १९६२ साली मध्यमवयीन, स्थूल, हृदयविकाराने खचलेल्या शेजाऱ्यांना एकत्र करून ऑकलंडमध्ये हळूहळू धावणाऱ्यांचा क्लब काढण्यास हातभार लावला. त्याचा नियम सोपा होता: सराव करा, ओढाताण करू नका; धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. (आम्हा बायकांना हा नियम पाळणे मुळीच कठीण गेले नाही, हे सांगावयास नकोच.)

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉनचे नामांकित क्रीडाशिक्षक बिल बाउरमन ऑकलंडला गेले. लिडियार्डच्या मंडळींबरोबर रविवारी सकाळी धावू लागले आणि थोड्याच वेळात मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक आजोबा त्यांच्यासाठी मागे राहिले आणि गप्पा मारीत त्यांना शेवटपर्यंत घेऊन आले. बाउरमन परत गेले ते ही कल्पना घेऊनच. त्यांनी आपल्या गावी लोकांना असेच धावावयास शिकविले आणि १९६७ साली त्यावर पुस्तकही काढले. पुढे बुटांचे तळवे बनविण्याच्या नादात त्यांनी पत्नीचा वॅफल भाजण्याचा साचा रबर ओतून निकामी केला, ही गोष्ट वेगळी. मला वाटते, सबंध अमेरिकेस धावावयास लावले ते त्या मागे राहिलेल्या आजोबांनी.

अगदी अलीकडची हकीगत इंग्लंडची. २ ऑक्टोबर २००४, म्हणजे आपल्या गांधीजयंतीच्या दिवशी, लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी पाच किलोमीटर धावण्याचा कार्यक्रम ठेवला. ते स्वतः दुखापतीमुळे धावू शकत नव्हते. म्हणून त्यांनी घड्याळ हाती घेतले. धावणारे तेरा आणि सेवा करणारे पाच! क्रमांक द्यावयास लोखंडी दुकानातल्या वायसरी वापरल्या. फी नाही, बक्षीस नाही. आज हा उपक्रम वीसहून अधिक देशांत पोहोचला आहे आणि दर आठवड्याची व्यवस्था अजूनही स्वयंसेवकच करतात. ज्याला धावता येत नव्हते त्याने हे सारे उभे केले, हे वाचून माझ्या गुडघ्यांचे दुःख निम्मे झाले.

आपल्याकडेही पाऊल मागे नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून सुरू झाली. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत अनवाणी धावत असे. विजेंद्रसिंग या प्रशिक्षकांनी तिच्यातील गुण हेरले आणि नाशिकला तिचा सराव घेतला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धांत ट्रॅकवरचे वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदकही आणले. आणि आपल्या जळगावात जळगाव रनर्स ग्रुपची मंडळी 'खान्देश रन' भरवितात, ती आपणांपैकी कित्येकींनी पाहिली आहे, काहींनी धावलीही आहे.

अशा शर्यतीमागे किती हात लागतात, हे रस्त्याच्या कडेला उभे राहिल्याशिवाय कळत नाही. रस्ता मोजावा लागतो. तो सायकलच्या चाकाला लावलेल्या यंत्राने मोजतात, आणि शर्यत चुकूनही आखूड होऊ नये म्हणून हजारास एक या प्रमाणात अंतर वाढवून धरतात. चौकाचौकांत माणसे उभी करावी लागतात. ठरल्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणारे लागतात, सर्वांत शेवटच्याबरोबर चालणारे लागतात. पाणी, लिंबूसरबत, आणि आपल्या जिल्ह्याचे भूषण जी केळी, ती शेवटी हातात ठेवणारे लागतात. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे धाव घेतो, म्हणून येथे पाण्याच्या टेबलाला विशेष महत्त्व. पाणी फार कमी नको, तसेच उगाच घटाघटा फार जास्तही नको. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येकीने पाठ करून ठेवावे. ते घरी जुलाबाच्या वेळीही उपयोगी पडते.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या मंडळाच्या धावत्या मेळ्याला एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने हाताला धरून शिकविले. आपण सर्व त्यांना नुसत्या 'बाई' म्हणतो. पहिल्या दिवशी साडीचा पदर खोचून आम्ही निघालो, तेव्हा गल्लीतल्या एक आजी ओरडल्या होत्या, "पयू नको वं माय, पडशी!" बाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "आजी, तुम्हीही चला." आजी आल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवू लागल्या. बाईंनी आम्हाला आधी चालावयास लावले, मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे करीत तीन महिन्यांनी पाच किलोमीटरपर्यंत आणले. फी म्हणून त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही.

आणि तरीही गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली, ती येथे लिहिणे माझे कर्तव्य समजते. आपल्या मेळ्याच्याच रविवारच्या दौडीत, पाण्याच्या टेबलावर बसावयास म्हणून नावे मागितली तर दोनच आली. त्यातली एक माझे. मला घरच्या अडचणीमुळे लवकर निघावे लागले, दुसरीला वाटले सगळ्या आल्या, आणि टेबल आवरले गेले. शेवटच्या दोघी भगिनी अजून रस्त्यात होत्या. एकीला घेरी आली. तिच्या सोबत होत्या त्या बाईच. त्यांनी तिला सावलीत बसविले, रस्त्यावरच्या एका घरातून पाणी आणले, आणि सुदैवाने निभावले. त्याच वेळी इकडे आपले सामूहिक छायाचित्र निघत होते. तेच छायाचित्र या स्मरणिकेत छापले आहे. पान उलटून पाहा: सर्व जणी आहेत, पदके आहेत, हसू आहे, बाई नाहीत.

दोष कोणा परक्याचा नाही, आपलाच आहे. धावावयाचे सर्वांना, उभे राहावयाचे कोणाला नाही, अशी स्थिती आली की कोणताही मेळा फार दिवस चालत नाही. दोराबजी असोत, पत्रे वाटणारे ब्रिग्ज असोत, की मागे राहिलेले ते आजोबा असोत, वरच्या साऱ्या हकीगतींत असे कोणी नसते तर धावणाऱ्याचे नाव आपल्या कानी आले नसते.

म्हणून माझी एक विनंती आहे. हळदीकुंकवाच्या सूचनेशेजारी मंडळाच्या फळ्यावर एक कागद लावला आहे. त्यावर वर्षातले रविवार लिहिले आहेत. प्रत्येक धावणारीने त्यांतला एकच रविवार आपल्या नावे करावा. त्या दिवशी धावू नये. पाणी द्यावे, वेळ लिहावी, शेवटच्या भगिनीबरोबर चालावे आणि ती येईपर्यंत टेबल हलवू नये. एक रविवार धावणे चुकल्याने कोणाचा दम कमी होत नाही.

पहिल्या रविवारी माझे नाव आहे. दुसऱ्या रविवारी बाईंनी स्वतःचे लिहिले होते. ते मी खोडले आहे. त्या दिवशी त्या धावतील, आणि छायाचित्र त्या आल्यावरच निघेल.