कृत्रिम स्वीटनर

साखरेऐवजी पदार्थाला गोडी आणणारी, नगण्य उष्मांक देणारी रासायनिक द्रव्ये. बोलीत यांना सरसकट ‘शुगर फ्री’ म्हणतात. सॅकरीन १८७९ मध्ये कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना अमेरिकेत सापडले. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असते. ॲस्पार्टेम (१९६५) सुमारे २०० पट, तर सुक्रॅलोज (१९७६) सुमारे ६०० पट गोड असते. स्टीव्हिया वनस्पतिजन्य असल्याने सहसा या गटात धरत नाहीत.

सुरक्षितता : १९७०च्या दशकात सॅकरीन दिलेल्या उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे आढळले. उंदरांत हा कर्करोग ज्या प्रक्रियेने होतो ती माणसाला लागू होत नसल्याचे पुढे दिसले आणि अमेरिकेने २००० मध्ये सॅकरीनच्या वेष्टनावरील कर्करोगाचा इशारा काढला. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ (गट २ ब) ठरवले. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोका किती ते सांगत नाही. त्याच वेळी अन्नात मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांवरील (फूड ॲडिटिव्ह) संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिग्रॅ. ही मर्यादा कायम ठेवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती २,४०० मिग्रॅ. होते. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिग्रॅ. ॲस्पार्टेम धरले, तर हे ८ ते १२ कॅन झाले.

मे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनेत याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असे सुचवले. दीर्घकालीन वापराचा टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी संबंध काही निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसतो, पण तो कारण सिद्ध करत नाही. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही.

जुन्नर–आंबेगाव : कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभा राहिलेला हा पुणे जिल्ह्यातील उसाचा पट्टा. जुन्नरमधील विघ्नहर आणि आंबेगावातील भीमाशंकर हे येथील सहकारी साखर कारखाने. मधुमेहामुळे साखर बंद झाली की ‘गुळाचा चहा चालतो’ असा समज येथेही सर्रास आढळतो. पण गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते, त्यामुळे रक्तातील साखर त्यानेही वाढते. मधुमेह्याच्या चहात स्वीटनरची गोळी टाकली, तर निदान हा भार टळतो. कपातले दूध आणि सोबतची बिस्किटे मात्र हिशेबात धरावीच लागतात.

वापर : ॲस्पार्टेम फार उकळल्यास त्याची गोडी कमी होते, म्हणून गोळी चहा गाळल्यावर टाकावी. पुरणाला किंवा वड्यांना साखर जो घट्टपणा देते, तो गोळीने येत नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना ॲस्पार्टेम वर्ज्य आहे. वेष्टनावर स्वीटनरचे नाव छापलेले असते, ते वाचावे. जत्रेतल्या बर्फगोळ्यासारख्या सुट्या पदार्थात सॅकरीन असल्यास ते पोटात किती गेले हे कळायला मार्ग नसतो. लहान मुलांचे वजन कमी असल्याने त्यांची मर्यादाही लवकर गाठली जाते.