जुने बालपुस्तक, त्याचे साल आणि त्याचे मोल

मुलांचे जुने पुस्तक हाती आले की बहुतेक जण नामपृष्ठ उलटतात, तिथले साल वाचतात आणि त्यावरून किंमत बांधतात. साल जितके मागचे, तितकी किंमत जास्त. या समजुतीला आणखी एक आधार दिला जातो. मुले पुस्तके फाडतात, चित्रे रंगवतात, पाने सुटली की टाकून देतात. म्हणून जे बालपुस्तक शंभर वर्षे टिकले ते दुर्मिळच, आणि दुर्मिळ म्हणून मोलाचे. ही मांडणी केवळ हौशी माणसांची नाही. जुन्या पुस्तकांच्या विक्रीत आणि घरोघरच्या वाटण्यांतही ती गृहीत धरली जाते. माझे म्हणणे असे की ती दोन्ही अंगांनी चुकते. छापलेले साल पुष्कळदा त्या प्रतीचे वय सांगतच नाही. आणि वय नेमके कळले, तरी तेवढ्यावरून मोल ठरत नाही.

पूर्वपक्षाची भक्कम बाजू आधी मान्य करतो. लंडनच्या जॉन न्यूबरीने १७४४ मध्ये 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' काढले. मुलांच्या करमणुकीसाठी निघालेल्या पहिल्या इंग्रजी पुस्तकांत त्याची गणना होते, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ठाऊक नाही. मुलांच्या हातांतच ती संपली असणार. तेव्हा बालपुस्तके मोठ्यांच्या पुस्तकांपेक्षा लवकर नष्ट होतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षाबद्दल.

आधी सालाचे पाहू. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचे 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' घ्या. प्रकाशकांनी नाकारल्यावर तिने डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. त्या संपल्या, म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० काढल्या. आतली चित्रे काळी-पांढरी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांसह पुस्तक बाजारात आणले. पहिला छाप ८,००० प्रतींचा होता आणि तो बाहेर पडण्याआधीच विकला गेला. पुढे दशकानुदशके पुस्तक छापले जात राहिले आणि स्वामित्वहक्काच्या ओळीत १९०२ हेच साल राहिले. म्हणजे १९०२ या एका आकड्याखाली लेखिकेने स्वतः छापलेली प्रत, वॉर्नची पहिली प्रत आणि तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालेली प्रत अशा तिन्ही बसतात. त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मग या प्रती ओळखायच्या कशा? पुस्तकाच्या अंगावरच्या खुणांवरून. वॉर्नच्या सुरुवातीच्या छापांत पीटरच्या रडण्याच्या वाक्यात जे क्रियापद होते ते पुढच्या छापांत बदलले. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचे कागद आधी साध्या पानाफुलांच्या नक्षीचे होते. मालिकेतली पात्रे रेखलेले कागद १९०३ पासून आले. संस्थेच्या एका भागीदाराला १९१७ मध्ये बनावट सह्यांच्या प्रकरणात अटक झाली, पुढे संस्थेची पुनर्रचना झाली आणि १९१९ मध्ये नावापुढे 'लिमिटेड' लागले. तेव्हा साल १९०२ आणि नाव 'फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनी लिमिटेड' अशी प्रत कितीही जीर्ण दिसो, ती १९१९ च्या आधीची असू शकत नाही. एका शब्दाने सतरा वर्षे वजा होतात.

साल पुढेही सरकलेले असते. लुइस कॅरलच्या 'अ‍ॅलिस'च्या २,००० प्रती ऑक्सफर्डला १८६५ मध्ये छापल्या. चित्रकार टेनियलला छपाई पसंत पडली नाही, म्हणून कॅरलने त्या मागे घेतल्या आणि पुस्तक नव्याने दुसऱ्या मुद्रकाकडून छापून घेतले. हा नवा छाप १८६५ च्या नोव्हेंबरातच दुकानांत आला, पण त्यावर साल पडले १८६६. नाताळच्या हंगामातल्या पुस्तकांवर पुढचे साल घालण्याची तिथल्या प्रकाशकांची रीतच होती. नाकारलेले मूळ फर्मे न्यूयॉर्कच्या अ‍ॅपल्टन कंपनीला विकले गेले. तिने नवे नामपृष्ठ लावले आणि त्यावरही १८६६ च छापले. आता दोन पुस्तके शेजारी ठेवा, दोन्हींवर १८६६. एकात पहिल्या छपाईची पाने आहेत, दुसऱ्यात दुसऱ्या छपाईची, आणि दोन्ही प्रत्यक्षात १८६५ मध्येच छापलेली. साल वाचणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही.

कागद पिवळा पडला म्हणजे पुस्तक फार जुने, हाही असाच भाबडा पुरावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कागद बहुतांशी चिंध्यांपासून होई. तो आजही पांढरा आणि चिवट राहिलेला आढळतो. लाकडाच्या लगद्याचा कागद रुळल्यावर त्यातल्या आम्लाने पाने तपकिरी होऊन तुटू लागली. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदटंचाईत छापलेले पुस्तक त्याच्या शंभर वर्षे आधीच्या पुस्तकापेक्षा म्हातारे दिसू शकते.

आता आपल्या घरातल्या पुस्तकांकडे येतो, कारण तिथे हा गोंधळ जास्त आहे. इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाले. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'इसापनीतिकथा' १८२८ ची. अशी पुस्तके पुढे पुन्हा पुन्हा छापली गेली. छत्र्यांचे नाव दिसले की प्रत १८२८ ची मानणे म्हणजे ग्रंथाचे वय प्रतीला चिकटवणे. शिवाय नवा मजकूर घातलेली आवृत्ती आणि नुसते पुनर्मुद्रण यांत आपले प्रकाशक सहसा भेद करीत आले नाहीत, त्यामुळे 'तिसरी आवृत्ती' या शब्दांवरूनही फारसे काही हाती लागत नाही.

साल शक संवतात असेल तर ७८ मिळवायचे, हे सगळे जाणतात. पण शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८५७ अशी प्रस्तावनेखाली तिथी असेल, तर ती १९३६ ची. सूचीत मात्र अशी पुस्तके सर्रास १९३५ म्हणून चढतात. आणि प्रस्तावनेची तिथी ही लेखकाने सही केल्याची तिथी आहे. तीच प्रस्तावना पुढच्या छापांतही जशीच्या तशी येते.

सालच नसलेल्या पुस्तकांसाठी किमतीची ओळ फार उपयोगी पडते. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा त्यापूर्वीचे. 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतले, कारण जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळाला. मात्र शिल्लक प्रतींवर नव्या किमतीची चिठ्ठी डकवण्याची पद्धत होती. चिठ्ठीवरून विक्रीचा काळ कळतो, छपाईचा नाही. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पुस्तक ऑगस्ट १९७२ नंतरचे. 'नाहीं', 'तें', 'कां' असे अनुस्वार असतील तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे असण्याचा संभव मोठा. पण जुन्या वळणाचे लेखक आणि जुन्या जुळणीवरून काढलेले छाप हे अनुस्वार नंतरही सांभाळत राहिले, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा मानू नये. मलपृष्ठावरच्या जाहिरातीत ज्या पुस्तकांची नावे आहेत, त्यांतल्या सर्वांत नव्या पुस्तकाच्या आधी आपली प्रत छापलेली असणे अवघड. उलट आत कोणी 'बक्षीस' म्हणून तारीख घातली असेल, तर प्रत त्या तारखेच्या आधीची, एवढेच ठरते. या दोन टोकांच्या मध्ये तिचा जन्म शोधायचा.

याहून मोठे साधन आपल्याला १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने दिले आहे. या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि छपाईच्या ठिकाणाचे नाव सक्तीचे झाले आणि प्रांतवार तिमाही सूच्या निघू लागल्या. त्यांत प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, शिळाछाप की खिळ्यांची छपाई, किंमत आणि किती प्रती छापल्या तो आकडा, एवढे सगळे नोंदवायचे होते. इंग्रजी बालपुस्तकांच्या संग्राहकाला पहिला छाप किती प्रतींचा होता हे शोधायला प्रकाशकांची दप्तरे धुंडाळावी लागतात. १८६७ नंतरच्या मराठी पुस्तकासाठी हा आकडा सरकारी सूचीतच सापडू शकतो. शिवाय शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे, १८०० ते १९५० पर्यंतची. एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले हे काम असताना सालाबाबत आपण अंदाज बांधत बसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता दुसरे अंग. वय नेमके ठरले असे धरू. मोल ठरले का? व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडात रविवारच्या शाळांतून मुलांना हजेरीबद्दल बोधपर गोष्टींची पुस्तके बक्षीस देत. रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीसारख्या संस्थांनी ती प्रचंड संख्येने छापली. कापडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी नक्षी, वय सव्वाशे-दीडशे वर्षे. आणि तरीही ती तिकडे किरकोळ दरात मिळतात. ती टिकली, कारण मुलांनी ती फारशी वाचली नाहीत, असे मला वाटते. टिकून राहणे हा नेहमीच आवडीचा पुरावा नसतो, आणि आवड नसेल तिथे मागणीही नसते.

याच्या उलट, ब्लूम्सबरीने १९९७ मध्ये 'हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन'च्या पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या छापात अवघ्या ५०० प्रती काढल्या. त्यांतल्या ३०० ग्रंथालयांत गेल्या, म्हणजे शिक्के आणि शेकडो हात यांच्या वाट्याला आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात यांतली एक प्रत ४,७१,००० डॉलरना गेली. पुस्तकाचे वय चोवीस वर्षे! इथे तीन गोष्टी जुळल्या होत्या. पहिल्या छपाईच्या प्रती थोड्या, चांगल्या स्थितीतल्या त्याहून थोड्या, आणि लहानपणी ते पुस्तक वाचलेली पिढी आता कमावती. टोल्किनच्या 'द हॉबिट'चेही असेच आहे. सप्टेंबर १९३७ मधला पहिला छाप १,५०० प्रतींचा; त्यातही जिच्यावर मूळ कागदी वेष्टण शाबूत आहे तिची किंमत वेष्टण हरवलेल्या प्रतीच्या कितीतरी पट.  वेष्टण आणि आतले पुस्तक एकाच वयाचे, तरी दोघांचे मोल वेगळे.

यावर आपल्याकडचे काही जण म्हणतील, हा सगळा इंग्रजी लिलावांचा व्यवहार झाला. मराठी बालपुस्तकाला असा बाजारच नाही, मग मोल कसले? ज्या युक्तिवादाने जुने इंग्रजी पुस्तक डोक्यावर घेतले जाते, त्याच युक्तिवादाने जुने मराठी पुस्तक रद्दीत जाते, आणि मला या टोकाची जास्त चिंता आहे. मराठी बालपुस्तकांच्या विक्रीची लांब, सलग नोंद नाही, हे कबूल. विक्रेता मागतो ती किंमत आणि गिऱ्हाईक देते ती किंमत यांचा मेळही लागत नाही. पण बाजारभावाचा अभाव म्हणजे मोलाचा अभाव, हे कशावरून? विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये निघाले, वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ मध्ये. त्या काळी मुलांना काय सांगावेसे वाटे, मजकूर कोणत्या भाषेत आणि कोणत्या चित्रांसह छापला जाई, सोबत कोणत्या वस्तूंच्या जाहिराती असत, हे त्या अंकांतच राहिले आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची कितीतरी चित्रे मुखपृष्ठांवरच जगली. मुखपृष्ठ गेले की चित्र गेले.

म्हणून मराठी प्रतीचे मोल करताना मी वेगळे प्रश्न विचारीन. दात्यांच्या सूचीत ही नोंद आहे का? असल्यास कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे? आपली प्रत पूर्ण आहे का, मुखपृष्ठ, मलपृष्ठ, जाहिरातींसकट? आणि तिच्यावर वाचणाऱ्याची काही खूण आहे का? इंग्रजी बाजारात मुलाने गिरवलेले नाव हा दोष धरतात. मी तो दोष मानीत नाही. एखाद्या गोष्टीच्या पुस्तकावर १९१२ साल, गावाचे नाव, इयत्ता आणि खाली एका मुलीची सही असेल, तर त्या गावात त्या वर्षी मुलगी शाळेत होती आणि तिच्या हाती अभ्यासाबाहेरचे पुस्तक होते, याचा तो अस्सल पुरावा आहे. कोरी करकरीत प्रत हे सांगू शकणार नाही.

आपल्या ग्रंथालयांना आणि घराघरांतल्या पुस्तके सांभाळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. बांधणीला पुस्तक देताना बाइंडर मुखपृष्ठ काढून टाकतो, कडा छाटतो, जाहिरातींची पाने वगळतो आणि सगळ्यांना सारखा जाड पुठ्ठा चढवतो. साल ठरवण्याच्या आणि मोल जोखण्याच्या जवळजवळ सगळ्या खुणा त्याच पानांवर असतात. त्याला बजावून सांगा की एकही पान काढायचे नाही, कडा छाटायच्या नाहीत आणि मूळ मुखपृष्ठ आतच शिवायचे. घरातले पुस्तक रद्दीत देण्याआधी मुद्रकाचे नाव, शक, किंमत आणि शेवटच्या पानावरची जाहिरात टिपून घ्या, आणि ती टिपणे जवळच्या जुन्या ग्रंथालयाला दाखवा. प्रत तिथे नसेल, तर ती रद्दीत न घालता ग्रंथालयाला द्या.