लंडन, १२ मे १९३७: राजा बग्गीत, बस डेपोत

आजची गोष्ट एकाच दिवसाची. बुधवार, १२ मे १९३७. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या दिवशी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. पण मला खरा इंटरेस्ट आहे तो त्या दिवशी वही घेऊन गर्दीत फिरणाऱ्या लोकांमध्ये.

आधी थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली, कारण त्याला वॉलिस सिम्पसनशी लग्न करायचं होतं आणि ती घटस्फोटित होती. ब्रिटिश पेपरवाले कित्येक महिने या प्रकरणावर गप्प होते. मग अचानक जो तो सांगायला लागला, की जनतेला हे चालणार नाही. अरे, पण जनतेला विचारलं कुणी?

हाच प्रश्न घेऊन तिघं पुढे आले: कवी आणि पत्रकार चार्ल्स मॅज, चित्रपट बनवणारा हम्फ्री जेनिंग्ज आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर राहून आलेला टॉम हॅरिसन. दूरच्या बेटांवरच्या माणसांचा अभ्यास होतो, मग आपल्याच शेजाऱ्यांचा का नको? १९३७ च्या सुरुवातीला त्यांनी ‘मास ऑब्झर्वेशन’ सुरू केलं. अभ्यासाच्या विषयांची त्यांची यादी भन्नाट होती: ड्रायव्हर लोकांचे हातवारे, बाथरूममधल्या सवयी, दाढ्या, चावट विनोद. फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या १२ तारखेला स्वयंसेवकांनी आपला अख्खा दिवस लिहून पाठवायचा, असं ठरलं.

मेची १२ तारीख म्हणजे थेट राज्याभिषेक. लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर झोपले होते. पुढच्यांच्या डोक्यांवरून मिरवणूक दिसावी म्हणून पुठ्ठ्याचे पेरिस्कोप होते. बीबीसीचे टीव्ही कॅमेरे हाइड पार्क कॉर्नरला लागले होते. दुपारी पाऊस आला. आणि शहरात बसच नव्हत्या! रोजचं काम साडेसात तासांचं करा, या मागणीसाठी बस कामगार १ मेपासून संपावर होते. राजाची सोनेरी बग्गी रस्त्यावर आणि बस डेपोत, असा तो दिवस.

दोनशेहून जास्त निरीक्षकांच्या नोंदींचं ‘मे द ट्वेल्फ्थ’ हे पुस्तक त्याच वर्षी आलं. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर हा जवळजवळ रॉ लॉग आहे. संपादकांनी तुकडे शेजारी शेजारी लावलेत, अर्थ तुम्ही लावा. मला हे आवडतं, पण दोन गोष्टी खटकतात. एक, स्वतःहून लिहून पाठवणारी मंडळी बरीचशी शिकलेली, मध्यमवर्गीय होती, म्हणजे सँपल एकांगीच. दुसरं, बसलेल्या जागेवरून दुसऱ्यांचं बोलणं ऐकून टिपून घेणं. ज्यांचं बोलणं टिपलं त्यांना पत्ताच नाही. हे आज कुणी माझ्याबाबतीत केलं तर मी भांडेन.

ते कागद आता ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. २०१० पासून हा संग्रह दर १२ मेला लोकांकडून त्या दिवसाची डायरी मागवतो. यंदा मीही लिहायला बसले. दुपारपर्यंतचं नीट लिहिलं, पुढचं आठवेना, म्हणून फोनची गॅलरी उघडली. त्या तारखेला १९ स्क्रीनशॉट होते. माणसाचा फोटो एकही नाही.