मोल संकल्पनेची पूर्वपीठिका : अणुभारांच्या मतभेदांकडून एकवाक्यतेकडे

प्रस्तावना

पदार्थाच्या ग्रॅममधील वस्तुमानास त्याच्या रेणुभाराने भागले असता मोलसंख्या मिळते, हे सूत्र रसायनशास्त्राच्या अध्यापनात प्रारंभीच येते. भागाकार सोपा आहे. परंतु त्यातील छेद, म्हणजेच रेणुभार, निश्चित होण्यास सुमारे अर्धशतक लागले. प्रस्तुत लेखात त्या कालखंडाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

डाल्टन व ॲव्होगाड्रो

९ ग्रॅम पाण्यात सुमारे १ ग्रॅम हायड्रोजन व ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हे तराजूच्या साहाय्याने ठरविता येते. रेणूतील अणूंची संख्या मात्र तराजू सांगत नाही. जॉन डाल्टन यांनी पाण्याच्या रेणूत दोन्ही मूलद्रव्यांचा एकेक अणू गृहीत धरला. हे गृहीतक मानल्यास ऑक्सिजनचा अणुभार ८ व पाण्याचा रेणुभार ९ येतो. म्हणजे १८ ग्रॅम पाणी २ मोल ठरते. आजच्या गणनेनुसार ते १ मोल आहे. वजनात काहीही चूक नसताना उत्तर दुप्पट येते.

समान तापमानास व दाबास समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हे गृहीतक ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. परंतु एकाच मूलद्रव्याचे दोन अणू परस्परांशी संयोग पावतात, ही त्यातील कल्पना तत्कालीन विचारास मानवली नाही. १८५६ मध्ये ॲव्होगाड्रो निवर्तले, तेव्हाही हे गृहीतक उपेक्षितच होते.

कार्ल्सरूहे परिषद

या मतभेदांचा परिणाम असा, की केकुले यांनी १८६१ च्या आपल्या ग्रंथात एकट्या ॲसेटिक आम्लाची प्रचलित असलेली १९ सूत्रे नोंदविली. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे एकमत झाले नाही. मात्र कॅनिझारो यांची १८५८ ची पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. बाष्पघनतेवरून रेणुभार काढावा आणि मूलद्रव्याच्या विविध संयुगांच्या रेणुभारांत आढळणारा त्याचा लघुतम वाटा अणुभार मानावा, ही रीत तीत होती. परिषदेस उपस्थित असलेल्या मेंडेलीव्ह यांनी सुधारित अणुभारांच्या आधारे १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली.

समारोप

१९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील मूलभूत एकक झाले. २०१९ पासून १ मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, अशी त्याची व्याख्या आहे. मोलचे उदाहरण सोडविणारा विद्यार्थी तराजूवरील आकड्याबरोबरच रेणुरचनेविषयीचा एक निर्णयही वापरत असतो. सूत्रासोबत हा इतिहास शिकविल्यास रेणुभार हा केवळ पाठ करावयाचा आकडा राहणार नाही.