छेज

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या, महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन तिचे ‘उल्हासनगर’ झाले. पण विठ्ठलवाडी स्टेशनाकडचा भाग लोकांच्या तोंडी ‘कॅम्प चार’च राहिला. पंजाब्यांना अर्धा पंजाब मिळाला, बंगाल्यांना अर्धा बंगाल. सिंध्यांच्या वाट्याला वीतभरही सिंध आला नाही. मग त्यांनी बरोबर आणले तरी काय? मला वाटते, छेज!

चेटीचंड येतो आपल्या पाडव्याच्या सुमारास. झुलेलालाची मिरवणूक निघते, ढोल-सनई वाजू लागते आणि भररस्त्यात रिंगण धरून टिपऱ्यांचा नाच रंगतो. हाच छेज, आपल्या टिपरी-गोफाचा सिंधी भाऊ म्हणा! त्याला ना रंगमंच लागतो, ना तिकीट. रिंगणाला पहिला नाही, शेवटचा नाही. शिवाय टिपरी वाजायची ती शेजाऱ्याच्या टिपरीवर. एकट्याचा छेज होतच नाही.

१९६७ साली सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. प्रांत मात्र मिळाला नाही. घर, शेत, सिंधू नदी, सारे मागे राहिले. तरी टिपरीला टिपरी देणारा शेजारी भेटला, की गाव पुन्हा वसते, हे या बराकींतल्या माणसांनी दाखवून दिले.