चावीची बाहुली आणि माळ्यावरचा अडकित्ता

पेण-हमरापूरच्या बायकांना गणपतीच्या डोळ्यांची आखणी म्हणजे काय, हे सांगायला नको. साच्यातून मूर्ती शेकडो निघतात, पण जीव येतो तो आखणीने. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये चावीच्या बाहुल्या बनत, त्यांचेही असेच होते.

या बाहुल्या मान वळवत, पंखा हलवत, आणि आतून गाणे वाजे. पोटात घड्याळासारखी स्प्रिंग असे. चावी दिली की बारीक खिळ्यांचा पितळी नळा फिरे. ते खिळे पोलादी फणीचे दात छेडत, म्हणून सूर निघे. शेजारी उंचसखल कडांच्या चकत्या फिरत. त्यांवर टेकलेल्या दांड्या वर-खाली होऊन हात आणि मान हलवत. आपल्या हलत्या देखाव्यांत हेच काम विजेची मोटर करते.

साधारण 1848 ते 1914 हा या धंद्याचा भरभराटीचा काळ. विशी, लांबेर, रुले आणि देकां ही त्यातली मोठी नावे. बाहुल्या महाग असल्याने त्या मुलांच्या हाती कमी आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जास्त. 1914 चे महायुद्ध आले आणि धंदा ओसरला.

आज शौकीन त्यांना मोठी किंमत देतात. ते काय बघतात? चिनीमातीचा चेहरा तडकलेला नाही ना, यंत्र मूळचे आहे ना, आणि कपडे जुनेच आहेत ना. विटलेले मूळ रेशीम नव्या कोऱ्या झग्यापेक्षा मोलाचे ठरते. लांबेर यांच्या बाहुल्यांचे कपडे त्यांची पत्नी करी. म्हणजे आज मोल आहे ते एका बाईच्या शिवणकामालाही. बाहुलीवर नाव मात्र कारखान्याचे.

आपल्याकडे पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वज्री, खेळणी, स्वयंपाकाची भांडी, सगळे घरगुती. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि 1975 मध्ये ते सरकारला दिले. लोक ज्याला अडगळ म्हणत, ते आज तिथे काचेमागे आहे.

आपल्या पेण-रोह्याच्या घरांतला माळा मात्र भंगारवाला रिकामा करतो. पितळेचा भाव वजनावर मिळतो; आजीच्या हाताला वजन नसते. म्हणून वस्तू देण्याआधी एवढे करा. ती कोणाची, कुठून आली, कशाला वापरत, हे घरातल्या वयस्कर बाईला विचारून वहीत लिहा. चावीचे जुने खेळणे निघाले, तर जोराने चावी पिळू नका, गंजलेली स्प्रिंग तुटते. घासूनपुसून चकचकीतही करू नका.

आणि ज्या आखणी करतात, त्यांनी आपले नाव कुठेतरी लिहून ठेवावे. मूर्तीचे विसर्जन होते, नावाचे होऊ नये.